गळ्यातली साळू

बसा, बसा. लाइट गेली म्हणून लगेच उठू नका. आमच्या शहागंजात ती गेली की निदान चहा होईपर्यंत तरी येत नाही, आणि अंधारात पासपोर्टचा फोटो काढण्याइतका मी अजून निर्ढावलेलो नाही. हा कंदील लावतो. मघापासून तुम्ही त्या कोपऱ्याकडे बघताय, ते माझ्या लक्षात आलंय. कापडाखाली कपाट नाही, कॅमेरा आहे.

पोलीस ॲक्शननंतर इथले काही जहागीरदार घरातलं सामान फुंकून हैदराबादेला निघून गेले. त्यातल्या एकाच्या लिलावात मी तो उचलला. सागवानी पेटी, पुढं पितळी भिंग, मधे कातडी भाता, आणि तो उभा करायला चाकांवरची घोडी. घरी आणला तेव्हा वडील म्हणाले, "यापरीस म्हैस आणली असतीस तर दूध तरी दिलं असतं." पण त्या कॅमेऱ्यानं आम्हा सगळ्यांना जेवू घातलं. त्याची फिल्म शाळेतल्या पाटीपेक्षा मोठी. ती नुसती कागदावर ठेवायची, उजेड दाखवायचा, की तेवढाच मोठा फोटो तयार. त्यात काही म्हणजे काही लपत नाही. हातातलं भिंग लावलं तर पापणीचा केस न् केस दिसतो, लुगड्याचं विरलेलं सूत दिसतं. घाबरलेल्या माणसाच्या गळ्याची शीरसुद्धा दिसते.

त्या काळी खेड्यापाड्यांत जिवंतपणी फोटो कोण काढणार? माणूस गेलं की मग आठवण व्हायची. मग तोंडवळा जुळणारं घरातलंच कुणीतरी घेऊन यायचे. गेलेल्याचे कपडे त्याच्या अंगावर चढवायचे आणि त्याला खुर्चीत बसवायचे. मी फोटो काढायचो. पुढं निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं नाक जरा रुंद करायचं, मिशा जाड करायच्या, एखादा तीळ घालायचा. लोक फोटो छातीशी धरून रडायचे आणि म्हणायचे, हुबेहूब. असे कितीतरी गेलेले मी त्या खुर्चीत बसवले आणि मला कधी भीती वाटली नाही. मला धास्ती असायची ती तान्ह्या पोरांच्या फोटोची, कारण ती एका जागी ठरत नाहीत.

आवडाबाई आली तीही असाच फोटो काढून घ्यायला. मार्गशीर्षातली दुपार होती, वरच्या काचेच्या छपरातून चांगलं मऊ ऊन येत होतं. कन्नडच्या मोटारीनं तिघं आली होती. आवडाबाई म्हातारी, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत आलेला. तिची धाकटी लेक कस्तुरा. आणि जावई मल्हारराव, पटका बांधलेला, बोलायला कमी. आवडाबाईची थोरली लेक साळू आधी या मल्हाररावाला दिलेली होती. ती पहिल्याच बाळंतपणात गेली, लेकरूही गेलं. मग धाकटीला त्याच घरात दिली.

"बापू, माजे डोळे चाललेत," आवडाबाई म्हणाली. "पार जायच्या आत मला माजी साळू बगायची हाय. ही कस्तुरा तिच्यावानीच दिसती. हिला बसवा. हिच्या हनुवटीवर लहानपणी दगडावर पडल्याचा व्रण हाय, त्येवडा काढून टाका. साळूला न्हवता."

मी कस्तुराकडे पाहिलं. विशीतली असेल. आईच्या मागं उभी होती, आणि पोट दिसू लागलं होतं. आई तिच्याविषयी अशा सुरात बोलत होती, जणू एखादं भांडं उसनं आणलंय. मला ते आवडलं नाही. पण गिऱ्हाइकाच्या घरात आपण नाक खुपसायचं नसतं.

आवडाबाईनं गाठोडं सोडलं. त्यातून साळूचं लग्नातलं हिरवं लुगडं निघालं. ती गेल्यापासून पेटीत कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेलं. त्या सुकल्या पाल्याचा कडवट वास खोलीभर पसरला. कस्तुरा पडद्याआड जाऊन ते नेसून आली आणि आवडाबाई उभ्या जागी खाली बसली.

"साळू..." एवढंच ती म्हणाली.

मी कस्तुराला खुर्चीत बसवलं. मान हलू नये म्हणून मागं लोखंडी टेकू असतो, तो लावला. मग कॅमेऱ्याच्या मागं जाऊन काळं कापड डोक्यावर घेतलं. मागच्या दुधी काचेवर माणूस उलटं दिसतं, पाय वर, डोकं खाली. त्या उलट्या बाईच्या गळ्याशी काहीतरी चकाकत होतं. बाहेर येऊन पाहिलं तर काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक होता.

तुम्ही शहरातले, तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. पहिली बायको गेली आणि दुसरी केली, की चांदीच्या पत्र्यावर पहिलीची आकृती ठोकून घेतात. दुसरीनं तो टाक गळ्यात घालायचा. सणाला आधी तिला निवद दाखवायचा, नवं लुगडं आधी तिच्या अंगाला लावायचं, मग आपण नेसायचं. असं केलं की पहिली रागावत नाही, उलट दुसरीला सांभाळते, असं मानतात. मी तो टाक जवळून पाहिला. नखाएवढी बाई होती, दोन ठिपक्यांचे डोळे, रेघेचं नाक, सरळ खाली सोडलेले हात. सगळे टाक असेच असतात.

"राहू दे तो, फार चमकत नाही," मी म्हणालो.

"आसं कसं?" आवडाबाई म्हणाली. "फोटू साळूचा. साळूच्या गळ्यात साळूचाच टाक कसा आसंल? काढ गं त्यो."

बोलणं सरळ होतं. कस्तुराचा हात मात्र गळ्याशी गेला आणि तिथंच राहिला.

"माय, सासूनं बजावलंय. आंगुळीलाबी काढायचा नाय म्हनून. त्यात हे आसं..." तिनं पोटाकडे पाहिलं. "मला भ्या वाटतंय."

"आगं, तुजी भनच हाय ती. तुला खाती व्हय?"

"घटकाभर काय व्हतंय," मल्हारराव दारातून म्हणाला. "काढ. परतीची मोटार चुकंल."

तिनं काढला. आवडाबाईनं तो घेऊन स्वतःच्या पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला. कस्तुराच्या मानेवर दोऱ्याचा पांढुरका वळ तेवढा राहिला. ती पोर एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे कशाला बघत होती कोण जाणे, मी परका माणूस. तरी ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

मी फिल्मची पेटी मागं सरकवली. आता हे लक्षात घ्या. फिल्म आत गेली की मागची काच झाकली जाते. नेमका फोटो निघतो त्या वेळी कॅमेऱ्यातून काय दिसतंय ते काढणाऱ्याला कळत नाही. तो बाजूला उभा राहून रबरी फुगा दाबतो आणि मनात आकडे मोजतो. मी म्हणालो, "आता हलायचं नाही, ताई," आणि फुगा दाबला.

माणूस कितीही स्थिर बसला तरी श्वास चालतो. पदर वरखाली होतो, नथीचा मोती जरासा डुलतो. मी मोजत होतो आणि बघत होतो. त्या बाईचं काहीही हलत नव्हतं. बाहेर शहागंजच्या घड्याळाखाली टांगेवाल्यांची रोजची कचकच चालली होती, ती एकदम लांब गेल्यासारखी वाटली. लुगड्याच्या कडुलिंबाचा वास दाटला. मी फुगा सोडला.

"झालं," मी म्हणालो. "उठा."

ती उठली नाही.

"साळू?" आवडाबाईनं हळूच हाक मारली. रडता रडता माणूस हाक मारतं तशी, उत्तराची आशा न धरता.

"आले गं, माय," खुर्चीतली बाई म्हणाली.

आवाज कस्तुराचाच होता, असं मी शपथेवर सांगेन. पण सूर वेगळा होता. मघाची पोर चाचरत बोलायची. ही बाई घरातल्या थोरल्या लेकीसारखी बोलली, शांत, जरा दमल्यासारखी. मल्हारराव दोन पावलं आत आला आणि थांबला. त्यानं तो सूर ओळखला होता, ते त्याच्या चेहऱ्यावर सरळ दिसलं.

"कस्तुरा," तो म्हणाला. "चल, ऊठ."

तिनं मानसुद्धा वळवली नाही.

मी काय केलं? मी डार्करूममध्ये शिरलो. माणूस घाबरला की आपल्या रोजच्या कामात घुसतो, दुसरं काय. दार लावलं, लाल दिवा लावला आणि फिल्म औषधात सोडली. भरदुपारी आमच्याकडे रात्र असते ती त्या खोलीत. थाळी हलवत राहायची आणि बघत राहायचं. जे जास्त उजळ असतं ते फिल्मवर आधी काळं होऊन उमटतं. पदराची जर, नथ, बांगड्या, मग कपाळ आणि गाल, असा क्रम असतो.

त्या दिवशी सगळ्यांच्या आधी गळ्याशी एक काळा ठिपका आला.

मी थाळी हलवायचा थांबलो. ठिपका वाढला, त्याला चार कोपरे फुटले, वर दोऱ्याची रेघ आली. टाक होता. आणि खरा टाक तर बाहेर म्हातारीच्या पदरात गाठ मारून ठेवला होता, माझ्या डोळ्यांदेखत. मी फिल्म हायपोतून, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या औषधातून, काढली, पाण्यात धुतली आणि तिच्यावर भिंग धरलं.

आधी हनुवटी पाहिली. व्रण नव्हता. मी अजून पेन्सिल हातात घेतली नव्हती, आणि व्रण नव्हता. मग टाकावर भिंग सरकवलं. तिथं ठिपक्यांचे डोळे नव्हते. नखाएवढा खरा चेहरा होता. तोंड जरा उघडं, हाक मारताना असतं तसं. आणि त्या एवढ्याशा हनुवटीवर तिरपा व्रण होता.

टाकावर कुणाला ठोकतात? जी गेली तिला. मग आता गेलेली कोण होती?

मी बाहेर आलो तेव्हा आवडाबाई खुर्चीपाशी जमिनीवर बसली होती. तिनं त्या बाईचे दोन्ही हात आपल्या गालांना लावले होते आणि मायलेकी हलक्या आवाजात बोलत होत्या. कुठल्याशा पांढऱ्या शेळीबद्दल. कस्तुरा जन्मायच्या आधीची शेळी. मल्हारराव भिंतीला टेकून उभा होता.

"हात गार पडलेत तिचे," तो मला पुटपुटत म्हणाला. "कस्तुराला पांढरी शेळी कशी ठाऊक आसंल...? काय तरी करा, बापू."

"आवडाबाई," मी म्हणालो, "फोटो बघायचाय ना?"

"मला नगं आता फोटू." तिनं मागं पाहिलंही नाही. "माजी साळू आली."

तिचा मला राग आला आणि कीवही आली. गेलेलं लेकरू परत आलं तर कुठली आई पुन्हा पाठवील? पण आमच्या त्या खुर्चीत तिची दुसरी लेक बसली होती, पोटात जीव असलेली. तिला हाक मारायला कुणी तयार नव्हतं.

नुसती निगेटिव्ह म्हातारीला कळली नसती, तिच्यात काळ्याचं पांढरं असतं. पण ती काळ्या कापडावर तिरपी धरली की उजेडात सरळ फोटोसारखी दिसते. मी कॅमेऱ्याचं कापड ओढलं, आवडाबाईच्या पुढ्यात अंथरलं, वर ओली फिल्म धरली आणि सगळ्यांत मोठं भिंग तिच्या डोळ्याला लावलं.

"ही बघा तुमची साळू. आता तिच्या गळ्यात बघा. टाकावर कोण आहे?"

ती बघत राहिली. फिल्मवरून पाणी ठिबकत होतं.

"व्रण..." ती म्हणाली. तिचा हात आपोआप पदराच्या गाठीकडे गेला. "ही तर... ही माजी कस्तुरा हाय."

"तिनं नको नको म्हणत काढला होता टाक," मी म्हणालो.

आवडाबाई उठली. उठताना तिचे गुडघे कडकडले. तिनं खुर्चीतल्या बाईच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, डोळ्यांनी कमी दिसणारी माणसं फिरवतात तसे, कपाळापासून खाली. मग ती वाकून म्हणाली, "साळू, माय, तुला मी पोटभर बगितलं. आता जा तू. हिच्या पोटात लेकरू हाय. तुजं ऱ्हायलं न्हाई, हिचं ऱ्हाऊ दे."

खुर्चीतल्या बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. पापणी न लवता नुसतं ओघळलं.

आवडाबाईला पदराची गाठ सुटेना. मल्हाररावानं पुढं होऊन दातांनी ती सोडली. तिनं टाक त्या गळ्यात बांधला आणि हाक मारली, "कस्तुरे. आगं ए कस्तुरे, ऊठ बाई. मी हाय हितं."

पोरीनं मोठ्यानं श्वास ओढला, विहिरीतून वर आल्यासारखा. मग नथीचा मोती हलला. तो हललेला पाहून मला जेवढा आनंद झाला तेवढा माझ्या लग्नात झाला नव्हता.

"निगाला का फोटू?" ती म्हणाली. आमची तोंडं बघून ती बावरली. "मी हालले का? कुनी तरी माजा पदर सारका करत व्हतं, म्हनून जरा..."

तिचा पदर कुणी सारखा केला नव्हता.

आवडाबाईनं तिला पोटाशी धरलं आणि मग ती जे रडली, ते रडणं साळूसाठी नव्हतं. बऱ्याच वेळानं ती मला म्हणाली, "बापू, आता हिचा काढा. हिच्याच लुगड्यात. व्रणाला हात लावू नगा." मोटार चुकली, पण मल्हाररावानं त्याचं नावही काढलं नाही. कस्तुरा आपलं साधं लुगडं नेसून, टाक घालून खुर्चीत बसली. आई कॅमेऱ्याशेजारी उभी राहिली आणि सगळा वेळ तिच्याकडेच बघत होती. तो फोटो छान आला. जरा हललाय, पण छान आला.

पहिली फिल्म मी संध्याकाळी वाळत घालताना पुन्हा पाहिली. गळा मोकळा होता. टाक नाही, दोरा नाही, दोऱ्याचा वळसुद्धा नाही. शांत तोंडाची एक बाई, हनुवटी साफ. मी दोन्ही फोटो छापून कन्नडला पाठवले. कस्तुरा सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला, असा निरोप मिळाला. आवडाबाईनं दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले होते म्हणे. दिसेनासं झाल्यावर ती काचेवरून हात फिरवायची.

तिथंच हे संपलं असतं. पण यंदा दिवाळीनंतर एक गृहस्थ आले, डोकं पांढरं झालेले. म्हणाले, मी मुंजाबा, कस्तुराबाईचा मुलगा. आई परवा गेली, झोपेतच, नातवंडं-पतवंडं बघून. घरातला फोटो वाळवीनं खाल्लाय. तेराव्याला ठेवायला हवाय. फिल्म असेल का?

फिल्म मी कुणाचीही टाकत नाही. पेटी काढली. कस्तुराची फिल्म आहे तशी होती, जरा हललेली. तिच्या खाली साळूची होती. उगाच, हात गेला म्हणून मी ती काळ्या कापडावर तिरपी धरली.

गळ्यात टाक होता.

भिंग घ्यायचं धाडस व्हायला मला वेळ लागला. टाकावर एक म्हातारी होती. गाल आत गेलेले, हनुवटीवर तिरपा व्रण, तोंड मिटलेलं आणि निवांत. डोळ्यांवर चष्मा. एका कानाशी चष्म्याची काडी नव्हती, तिथं दोऱ्याची गाठ होती.

"आईला चष्मा होता का हो?" मी विचारलं.

"व्हता की," मुंजाबा म्हणाले. "येक काडी मोडली तर तिनं दोरा बांदला. नवा करून देतो म्हनलं तर ऐकंना. का वो?"

"काही नाही," मी म्हणालो आणि पेटी लावली.

त्यांनी जाताना एक सांगितलं. आईला घेऊन जायच्या वेळी बायका गळ्यातला टाक सोडायला गेल्या, तर दोरा नुसताच होता. टाक घरात कुठंच सापडला नाही.

ही बघा, आली लाइट. चला, खुर्चीत बसा, मान सरळ. आणि गळ्यातलं ते लॉकेट काढताय कशाला? राहू द्या. अगदी घटकाभरसुद्धा काढू नका.